डिजिटल माध्यमे आणि संस्कृती : एका नव्या विद्येचा परिचय

आपल्या व्यापारी समाजात मुलामुलींच्या पदवीनंतरच्या शिक्षणाची गोष्ट निघाली म्हणजे ती बहुधा चार-पाच ठरलेल्या वाटांनीच फिरते. सनदी लेखापाल, वैद्यकी, अभियांत्रिकी, कायदा आणि अलीकडे व्यवस्थापनशास्त्र. ह्या वाटा आपल्या परिचयाच्या आहेत. कोणत्या वाटेने किती वर्षे चालावे लागते, खर्च किती येतो आणि शेवटी पदरात काय पडते, ह्याचा आडाखा कोणताही सभासद पेढीवर बसल्या बसल्या बांधू शकतो. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतील मुले, आणि मुलांपेक्षाही मुली, अशा काही विषयांची नावे घेऊ लागल्या आहेत की ती ऐकून वडीलधारी मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. 'डिजिटल माध्यमे आणि संस्कृती' हा त्यांपैकीच एक विषय होय.

गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ती समितीकडे ह्या विषयाच्या दोन वर्षांच्या एम.ए. अभ्यासक्रमासाठी एका सभासदाच्या कन्येचा अर्ज आला. नियमावलीत विषयांची जी यादी आहे तीत हे नाव नाही. समितीवरील एका ज्येष्ठांनी विचारले, "संगणक शिकावयाचा तर संस्कृती कशाला, आणि संस्कृती शिकावयाची तर संगणक कशाला?" प्रश्न विनोदाने विचारलेला असला तरी नेमका होता, किंबहुना ह्या विद्येचे सारे मर्म त्याच प्रश्नात आहे. अर्ज राखून ठेवण्यात आला आणि विषय काय आहे ते पाहून समितीस सांगण्याचे काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि व्यवसाय धान्याच्या ठोक व्यापाराचा. तेव्हा ह्या लेखाकडून कोणी पांडित्याची अपेक्षा करू नये. अर्जदार मुलीने आपला अभ्यासक्रम व काही पुस्तके आणून दिली, अडले तेथे समजावून सांगितले. त्या वाचनातून जे हाती लागले ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक सर्वसाधारण गैरसमज दूर करणे जरूर आहे. हा संगणक चालविण्याचा वर्ग नव्हे, आणि मोबाईलवर चित्रफिती करून नाव मिळविण्याची कलाही नव्हे. आपल्याच धंद्यातील उदाहरण घेऊ. तराजूची दांडी गेली आणि इलेक्ट्रॉनिक काटा आला. तो काटा बनविणे हे अभियंत्याचे काम. त्यावर पोते चढवून वजन लिहिणे हे तोलाराचे काम. परंतु काटा आल्यावर तोलाराच्या शब्दाला पूर्वी जी किंमत होती ती का उरली नाही. शेतकरी दांडीकडे पाहात असे तो आता लाल आकड्यांकडे पाहू लागला, तर त्याची शंका मिटली की निराळ्या ठिकाणी जाऊन बसली. काटा खरा आहे हे सांगण्याचा अधिकार कोणाच्या हाती गेला. आणि ह्या सर्वांचा माणसामाणसांतील विश्वासावर काय परिणाम झाला, हे पाहणे तिसरेच काम आहे. संगणक, मोबाईल व इंटरनेट ह्यांच्या बाबतीत हे तिसरे काम करणारी विद्या ती ही.

'संस्कृती' ह्या शब्दानेही आपली थोडी फसगत होते. संस्कृती म्हटले की आपणास नृत्य, गायन, पर्युषणातील कार्यक्रम आठवतात. ह्या विद्येतील संस्कृती अधिक घरगुती आहे. माणसे रोजच्या व्यवहारात काय करतात, कशाला खरे मानतात, कोणापुढे लाजतात, काय जपून ठेवतात आणि काय विसरतात, हे सर्व तीत येते. दुर्गदबैलातील एखाद्या किरकोळ दुकानात जाऊन उभे राहावे. गिऱ्हाईक मोबाईलने चौकोनी चिन्ह टिपतो, आणि गल्ल्याजवळची पेटी कानडीत किंवा हिंदीत इतके रुपये मिळाले म्हणून पुकारा करते. ही यू.पी.आय. पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली. पूर्वी दुकानदार नोट हातात घेऊन पाही, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाही, आणि ओळख असेल तर 'उद्या द्या' म्हणे. आज तो पेटीचा आवाज ऐकतो. पेटी बोलली म्हणजे पैसे आले. गिऱ्हाइकाच्या शब्दाने नव्हे. तसेच, पूर्वी पेढीची कीर्द व खतावणी पेढीच्याच तिजोरीत राहात असे. आज कोणी कोणाकडून, कोणत्या वेळी, किती रुपयांचा माल घेतला ह्याची नोंद त्या दोघांखेरीज आणखी कोणाकोणाकडे जमा होत आहे? व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला. त्यापूर्वी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी ह्यांच्या नावाने ओळखला जातो. वर्गात ह्या गोष्टी वाचल्या जातात. त्या आपल्या गल्ल्यापासून फार दूरच्या आहेत असे कोणास वाटू नये.

ह्या विद्येचे मूळ शोधता शोधता मला एक अशी माहिती मिळाली की ती वाचून एखादा नातलग भेटल्यासारखे वाटले. माध्यमांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत कॅनडातील टोरंटो विद्यापीठाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक हॅरॉल्ड इनिस (१८९४-१९५२) ह्यांचे नाव अग्रभागी आहे. ह्या गृहस्थांनी आयुष्याची बरीच वर्षे मालाच्या अभ्यासात घालविली. १९३० साली त्यांनी कॅनडातील कातडी-लोकरीच्या व्यापारावर ग्रंथ लिहिला आणि १९४० साली मासळीच्या व्यापारावर. (ह्या दोन्ही व्यापारांचा अहिंसाधर्मीयांस काय उपयोग, असे कोणी म्हणेल, परंतु पद्धत पाहावयाची आहे, माल नव्हे.) कोणता माल, किती जड, किती टिकाऊ, कोणत्या जलमार्गाने जातो, आणि त्यामुळे कोणते शहर वाढते व कोणते मरते, हे ते पाहात. पुढे लाकडाचा लगदा व कागद ह्या मालाकडे ते वळले. कागदावरून वृत्तपत्राकडे, आणि वृत्तपत्रावरून मनुष्याने आजवर ज्या ज्या वस्तूंवर लिहिले त्या सर्वांकडे. दगड जड असतो पण टिकतो. त्यावर लिहिलेले काळाच्या ओघात पुढच्या पिढ्यांपर्यंत जाते, पण जागचे हालत नाही. कागद हलका असतो. त्यावर लिहिलेला हुकूम दूरच्या प्रांतात लवकर पोहोचतो, पण तो फार दिवस टिकत नाही. ज्या राज्याने किंवा धर्माने ज्या वस्तूवर भिस्त ठेवली, तिचे गुणदोष त्याच्या घडणीत उतरले, असा त्यांच्या १९५० व १९५१ सालच्या दोन ग्रंथांचा आशय आहे. म्हणजे वाहतूक, वजन आणि नासाडी ह्यांचा हिशेब करणारा एक मनुष्य विचारांच्या व्यापारालाही तोच हिशेब लावतो. धान्याच्या व्यापाऱ्याला ह्यात न समजण्यासारखे काय आहे?

दुसरे नाव अमेरिकेतील जेम्स कॅरी ह्यांचे. त्यांनी १९८३ साली तारायंत्रावर एक निबंध लिहिला. त्यात आपल्याच धंद्याची कथा आहे. तारायंत्र येण्यापूर्वी बातमी माणसाबरोबर किंवा मालाबरोबरच प्रवास करी. एका गावी गहू स्वस्त, दुसऱ्या गावी महाग. हे ज्याला आधी कळेल त्याने इकडे घ्यावा व तिकडे विकावा. तार आली आणि दोन्ही गावांचे भाव दोन्हीकडे एकाच वेळी कळू लागले. भावातील तफावत आक्रसली. मग नफा शोधणाऱ्यांनी जागेतील तफावतीऐवजी वेळेतील तफावत धरली. आज व इथे सोडून ते पुढच्या महिन्यावर बोलू लागले. वायदेबाजाराची वाढ अशी झाली. आणि न पाहिलेला माल तारेवरून विकावयाचा तर तो प्रतवारीनेच विकला पाहिजे. म्हणून ह्या शेतकऱ्याचा गहू, त्या शेतकऱ्याचा गहू हा भेद जाऊन पहिल्या प्रतीचा, दुसऱ्या प्रतीचा असा गहू जन्मास आला, आणि मालाऐवजी कोठाराची पावती हातोहात फिरू लागली. शिकागोचे धान्यमंडळ १८४८ सालचे. त्या शहरात तारही त्याच वर्षी पोहोचली. मी चाळीसहून अधिक वर्षे दाणा तळहातावर घेऊन पारखीत आलो आहे. 'एफ.ए.क्यू.' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. त्याच्या पोटात तारायंत्र दडलेले आहे हे मला एम.ए.च्या पुस्तकावरून कळले. २०२१ साली सेबीने गहू, हरभरा, मूग इत्यादींचे वायदे स्थगित केले तेव्हा बाजारात ज्या चर्चा झाल्या, त्यांपैकी कितींना ही वंशावळ ठाऊक होती?

आता हुबळीकडे येऊ. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे असे वृद्ध अद्याप आपल्यात आहेत. त्यानंतर उघडा लिलाव, तार, ट्रंक कॉल, घरचा फोन, मोबाईल. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. पुढच्याच वर्षी, २०१४ साली, कर्नाटक सरकारने बाजार समित्या संगणकाने एकमेकींना जोडण्याची योजना हाती घेतली, आणि अमरगोळ येथील आपले आवारही तीत आले. केंद्राची ई-नाम योजना १४ एप्रिल २०१६ ची. म्हणजे ह्या बाबतीत आपले राज्य दोन वर्षे पुढे होते. आवक दरवाजाशीच नोंदली जाते, ढिगाला क्रमांक मिळतो, व्यापारी आपली बोली यंत्रात टाकतो, आणि दुसऱ्याने काय टाकले हे त्याला दिसत नाही. वेळ संपली की यंत्र निकाल सांगते. भाव पटला नाही तर शेतकरी नाकारू शकतो. ह्या बदलाने काय साधले, ह्याविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात : 'सारे सुधारले' किंवा 'सारे बिघडले'. परंतु २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात कर्नाटकातील ह्याच योजनेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भाताच्या भावात सरासरी ५.१ टक्के, भुईमुगाच्या ३.६ टक्के व मक्याच्या ३.५ टक्के वाढ आढळली. कापूस, मूग व तूर ह्यांच्या बाबतीत मात्र लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. यंत्र एक, राज्य एक, कायदा एक, आणि परिणाम निरनिराळे! असे का व्हावे? मालाची प्रत किती सहज ठरते, खरेदीदार किती आहेत, कोण कोणास किती वर्षे ओळखतो, उचल कोणाकडून घेतलेली आहे, ह्या गोष्टींत उत्तर शोधावे लागते. आकडे अर्थशास्त्र्यांनी दिले. आवारात बसून, माणसांशी बोलून त्यांच्यामागील व्यवहार उलगडणे हे डिजिटल संस्कृतीच्या अभ्यासकाचे काम.

ही विद्या केवळ बाजारभावाची असती तर तिच्यासाठी एवढा प्रपंच केला नसता. एका घटनेने मला तिच्याकडे अधिक गंभीरपणे पाहावयास लावले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे पाच माणसांना जमावाने ठार मारले. ती भिक्षा मागून जगणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे होती. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे भागातून आलेली. मुले पळविणारी टोळी फिरत आहे अशी अफवा व्हॉट्सॲपवरून पसरली होती. त्याच महिन्यात आपल्या राज्यात बीदर जिल्ह्यातील मुरकी येथे हैदराबादच्या एका तरुण अभियंत्याचा असाच बळी गेला. महिनाअखेरीपूर्वी कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविता येणार नाही असे बंधन जाहीर केले.

गावात अफवा पूर्वीही उठत. मग आता निराळे काय घडले? मुलीने दिलेल्या वाचनात ह्याचे जे विवेचन आहे ते मी माझ्या शब्दांत सांगतो. तोंडी अफवेला सांगणारा असतो. तो कोण, त्याचा स्वभाव कसा, हे ऐकणाऱ्यास माहीत असते आणि त्या मानाने तो ती खरी-खोटी धरतो. वर्तमानपत्रातील बातमीला संपादक असतो. चुकली तर त्याला जाब विचारता येतो. पुढे ढकललेल्या संदेशात ह्या दोहोंचा विचित्र संकर होतो. लिहिणारा कोण हे कोणासच ठाऊक नसते, परंतु तो हाती पडतो तो सख्ख्या मेहुण्याकडून किंवा शेजाऱ्याकडून. मजकूर अनोळखी माणसाचा आणि भरवसा मात्र ओळखीच्या माणसाचा! बिनसहीच्या हुंडीवर नामांकित पेढीचे शिक्के पडत जावेत तसा हा प्रकार आहे. ११ नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीनंतर तिसऱ्या दिवशी, उत्तर प्रदेश, दिल्ली इत्यादी ठिकाणी मिठाचा तुटवडा झाल्याची आवई उठली व काही ठिकाणी किलोला दोनशे रुपयांवर भाव मागितला गेला. देशात मीठ मुबलक होते. व्यापाऱ्यांना त्या दिवशी शिव्या खाव्या लागल्या. संदेश कसा बनतो, कसा चालतो व कसा थांबवावा हे जाणणारी दहा माणसे प्रत्येक जिल्ह्यात असती तर काय झाले असते, ह्याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता तिसरे अंग, जे आपल्या समाजाच्या विशेष जिव्हाळ्याचे आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायथ्याशी चावुंडरायाच्या कार्याचा उल्लेख कानडी, तमिळ व मराठी अशा तीन भाषांत कोरलेला आहे. त्यातील मराठी लेख हा आपल्या भाषेतील अतिप्राचीन लेखांपैकी एक गणला जातो. निरनिराळ्या देशांतून येणाऱ्या यात्रेकरूंसाठी तीन भाषांची ही योजना, आणि तीही दगडावर! मूडबिद्रीस ताडपत्रे. षट्खंडागमावरील धवला टीकेची कानडी लिपीतील ताडपत्रे शतकानुशतके केवळ दर्शनासाठी खुली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूर-मुंबईकडील श्रेष्ठींच्या खटपटीने त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले. ते चालू असता एका पंडितांनी पत्नीच्या साहाय्याने घरी गुपचूप आणखी एक प्रत उतरवून घेतली आणि ती पुढे सहारनपुरास गेली. तिच्यावरून निघालेल्या प्रतींच्या आधारे डॉ. हिरालाल जैन ह्यांनी अमरावतीहून १९३९ साली धवलेचा पहिला भाग प्रसिद्ध केला, आणि पुढील सुमारे वीस वर्षांत सोळा भाग निघाले. त्या पंडितांनी केले ते योग्य की अयोग्य? ग्रंथ कोणाचा, मठाचा की समाजाचा की सर्वांचा? आज एखाद्या भांडारात यंत्र नेऊन एका आठवड्यात हजारो पानांची छायाचित्रे घेता येतात. त्या छायाचित्रांचा मालक कोण, ती कोणी पाहावीत, कोणी त्यांवर पैसे मिळवावेत, हा प्रश्न तोच आहे. फक्त आता उत्तर देण्यास शंभर वर्षे सवड मिळणार नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने 'ज्ञान भारतम्' ह्या नावाने एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची पाहणी व जतन करण्याचे जाहीर केले आहे. आपल्या बस्त्या व उपाश्रय ह्यांतील कपाटेही त्यात उघडली जातील. तेथे उभे राहून आपला शब्द ऐकवणारे आपले कोणी असावयास नको काय?

नुसते छायाचित्र घेऊन भागत नाही, ह्याचे एकच उदाहरण देतो. नवकार मंत्राचा पहिला शब्द दिगंबर परंपरेत 'णमो' व श्वेतांबर परंपरेत बहुधा 'नमो' असा लिहिला जातो. आपणास तो एकच शब्द आहे. यंत्रास ते दोन शब्द आहेत. एक शोधावयास सांगितला तर ते दुसरा दाखविणार नाही. मग कोणी हुशार कारागीर सोयीसाठी सर्वत्र एकच रूप करून टाकील, आणि पाठभेद नावाची वस्तू नाहीशी होईल. बेळगाव जिल्ह्यातील सदलगे गावी जन्मलेले व कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आ. ने. उपाध्ये ह्यांनी एकेका प्राकृत ग्रंथासाठी अनेक हस्तलिखिते समोर ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले. ती शिस्त आणि यंत्राची गती ह्यांचा मेळ घालणाऱ्या माणसांची आज उणीव आहे. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठाने रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांचे व छापील पाठांचे 'बिचित्रा' नावाचे भांडार २०१३ साली लोकांस खुले केले, तेथे हा मेळ दिसतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीबरोबरच प्राकृत भाषेलाही अभिजात दर्जा मिळाला. त्याचा आनंद आपण पेढे वाटून साजरा केला. काम पुढेच आहे.

लिपीचीही अशीच गोष्ट आहे. आपल्या ह्या स्मरणिकेचे काही जुने अंक त्या काळच्या निरनिराळ्या संगणकीय टंकांत जुळविले होते. त्या फायली आज उघडल्या तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. छापील अंक मात्र कपाटात शाबूत आहेत. इनिससाहेबांचा टिकाऊपणाचा हिशेब येथे कसा उलटा बसतो पाहा! सर्व लिप्यांना समान क्रमांक देणारी युनिकोड पद्धत १९९१ साली आली. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' हा देवनागरी टंक मुंबईच्या आय.आय.टी.त शिकविणारे अक्षरकार र. कृ. जोशी ह्यांनी घडविला. मोडीचे काय, असा प्रश्न राहतो. ती १९५० च्या सुमारास शाळांतून गेली. आपल्या कित्येक पेढ्यांच्या जुन्या वह्या मोडीत व महाजनीत आहेत आणि त्या वाचणारा घरात कोणी नाही. रुडकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०२५ साली मोडीचे देवनागरीत रूपांतर करणाऱ्या यंत्रपद्धतीचे काम प्रसिद्ध केले आहे. त्यासाठी आधी माणसांना दोन हजारांवर पानांच्या प्रतिमा व त्यांचे अचूक वाचन यंत्रापुढे ठेवावे लागले, हे विसरू नये.

हे शिकावे कोठे? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात पत्रकारिता व जनसंज्ञापन ह्यांचा पदव्युत्तर विभाग आहे. अशा विभागांतून नव्या माध्यमांचा अभ्यास पत्रकारितेच्या अंगाने होतो. घरून जाऊन-येऊन शिकता येईल ही सोय थोडी नव्हे. पुण्यास रानडे इन्स्टिट्यूट ह्या नावाने प्रसिद्ध असलेला विद्यापीठाचा विभाग १९६४ पासूनचा. मुंबईत देवनार येथील टाटा समाजविज्ञान संस्थेत माध्यमे व सांस्कृतिक अध्ययन ह्या विषयाचे एम.ए. आहे, तेथे सिद्धांताबरोबर माहितीपट तयार करणेही शिकवितात, आणि ह्या लेखात सांगितलेल्या विषयाच्या सर्वांत जवळचा हा अभ्यासक्रम मला वाटला. परदेशात लंडनचे किंग्ज कॉलेज व अॅमस्टरडॅम विद्यापीठ येथे डिजिटल संस्कृती हे नावच धारण करणारे अभ्यासक्रम आहेत, ते बहुधा एका वर्षाचे. तेथील खर्च मोठा, आणि शिक्षणानंतर राहण्याचे नियम बदलते. ब्रिटनने दोन वर्षांची मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचे २०२५ साली जाहीर केले. कर्ज काढून पाठविणाऱ्यांनी ही बाब आधी पाहावी. आपल्याकडेही कर्नाटकाने २०२४ साली तीन वर्षांच्या पदवीकडे परतण्याचे ठरविले व महाराष्ट्रात चार वर्षांचा पर्याय आहे. त्यामुळे पदवी कोणती झाली आहे त्यावर एम.ए. एका वर्षाचे की दोन, हे प्रवेशापूर्वी विचारून घ्यावे.

सावधगिरीचे दोन शब्द सांगणे माझे कर्तव्य आहे. 'डिजिटल' हा शब्द पाटीवर लावून भरमसाट शुल्क घेणाऱ्या खासगी संस्था पुष्कळ निघाल्या आहेत. तेथे जाहिरात कशी करावी एवढेच शिकवितात, आणि ते शिकण्यास दोन वर्षे व काही लाख रुपये लागत नाहीत. संस्थेची पारख करावयाची तर इमारत पाहू नये. गेल्या पाच वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रबंध दाखवा म्हणावे. प्रबंध चांगले असतील तर शिक्षक चांगले आहेत. उत्पन्नाच्या दृष्टीने सुरुवातीस ह्या मार्गाची बरोबरी सनदी लेखापालाशी होणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. वृत्तसंस्था, बातम्यांची सत्यता तपासणारी कार्यालये, संग्रहालये, ग्रंथभांडारे, संशोधन संस्था, आणि लोक यंत्रे कशी वापरतात हे पाहण्यासाठी अभ्यासक ठेवणाऱ्या कंपन्या, ही त्यांची क्षेत्रे. महाविद्यालयात शिकवावयाचे तर नेट परीक्षा अथवा पीएच.डी. हवी. ज्या मुलाला वाचनाचा कंटाळा आहे व संगणकाची हौस आहे, त्याने हा विषय घेऊ नये. येथे वाचन फार आहे.

राहिला अर्जाचा प्रश्न. नियमावलीच्या यादीत 'भाषा, माध्यमे व संस्कृती ह्यांचे मान्यताप्राप्त विद्यापीठातील पदव्युत्तर शिक्षण' हे शब्द घालावेत, अर्धी रक्कम शिष्यवृत्ती व अर्धी बिनव्याजी कर्ज म्हणून द्यावी, अशी शिफारस मी समितीस लेखी केली आहे. ती येत्या वार्षिक सभेपुढे येईल. त्याबरोबर आणखी एक गोष्ट सभासदांच्या विचारार्थ आहे. ह्या मुलीने प्रबंधासाठी जो विषय योजिला आहे तो आपल्याच आवाराचा आहे : व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून भाव कसे बोलले जातात, नमुन्याच्या छायाचित्रावर सौदा केव्हा पक्का होतो व केव्हा मोडतो. त्यासाठी तिला काही महिने आपल्या गटांत बसून पाहावे लागेल. तिने नियम लिहून दिले आहेत : ज्यांची लेखी संमती असेल त्यांचेच संदेश पाहीन, पेढीचे नाव व रक्कम कोठेही लिहिणार नाही, छापण्यापूर्वी मजकूर दाखवीन, आणि कोणी मधेच 'नको' म्हटले तर त्याचे सर्व काढून टाकीन. आपल्या भावाच्या गोष्टी परक्याने ऐकाव्यात हे पुष्कळांस रुचणार नाही, आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असे मी म्हणत नाही. संमतिपत्राचे नमुने कार्यालयात ठेवले आहेत. माझ्या पेढीने सही करून दिली आहे. माझ्या धाकट्या भावाने आपल्या गाळ्यापुरता अद्याप होकार दिलेला नाही.